आयईपीत लिहिलेली मिनिटं मुलापर्यंत पोहोचतात का, हे कसं तपासायचं आणि नसतील तर काय करायचं

अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता लेखी शिक्षण आराखडा, एकदाचा ठरला की घरात सगळे हुश्श करतात. तपासण्या झाल्या, अहवाल आले, मीटिंग झाली, सह्या झाल्या. पण तिथे तयार झालेला असतो तो फक्त कागद. सप्टेंबरात आठवड्याला दोनदा ठरलेली स्पीच थेरपी नोव्हेंबरात कशीबशी एकदा होत असते, ओटीची (ऑक्युपेशनल थेरपिस्टची) जागा रिकामी असते, मदतनीस पॅरा दुसऱ्याच वर्गात पाठवलेली असते, आणि यातलं काहीही घरी कळवलेलं नसतं. यामागे दरवेळी कुणाचा दुष्टपणा असतो असं नाही. एकच थेरपिस्ट दोन-तीन शाळा सांभाळते, मीटिंगा आणि तपासण्या तिच्याच वेळापत्रकातून कापल्या जातात, आणि कापायला सगळ्यात सोपं असतं ते न बोलणाऱ्या मुलाचं सत्र.

आयईपी मिळवायचा कसा हा वेगळा विषय आहे. इथे गृहीत धरलंय की आयईपी हातात आहे आणि त्यात लिहिलेलं मिळत नाहीये, किंवा मिळतंय की नाही ते कळत नाहीये. अशा वेळी ‘शाळा आमच्याकडे लक्ष देत नाही’ ही तक्रार कुठेच टिकत नाही. ‘७२० मिनिटं ठरली होती, ४२० मिळाली’ ही टिकते. त्यामुळे पुढचं बरंचसं काम हिशेबाचं आहे.

कायदा कुठे उभा आहे

या सगळ्याच्या मुळाशी १९७५चा संघराज्याचा कायदा आहे. १९९०मध्ये त्याला आयडिया (Individuals with Disabilities Education Act) हे आजचं नाव मिळालं आणि २००४मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. साधारण ३ ते २१ वयाच्या पात्र मुलांना गरजेप्रमाणे, विनामूल्य, योग्य शिक्षण देणं ही शाळेची जबाबदारी आहे आणि आयईपी हा त्या जबाबदारीचा लेखी तपशील. आयईपी ठरल्यावर शक्य तितक्या लवकर सेवा सुरू करायच्या असतात. मुलाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि थेरपिस्टला तो आयईपी पाहता आला पाहिजे, आणि त्यातली आपल्या वाट्याची जबाबदारी त्याला सांगितली गेली पाहिजे. हेही नियमातच आहे.

चार्टर शाळा सार्वजनिकच असते, तिलाही हे सगळं लागू. आपण स्वतःहून मुलाला खाजगी शाळेत घातलं असेल तर मात्र हे वैयक्तिक हक्क तसेच्या तसे राहत नाहीत, आणि या लेखाचा पुढचा भाग त्या पालकांच्या फारसा कामाचा नाही.

आपल्याकडच्या अनेक घरांत एक भीती असते: एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर आहोत, उगाच तक्रारी केल्या तर? मुलाच्या या हक्कांचा व्हिसाशी संबंध नाही. इमिग्रेशनच्या कारणावरून मुलाला सार्वजनिक शाळेबाहेर ठेवता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२च्या प्लायलर खटल्यातच सांगितलं आहे. दुसरी अडचण संकोचाची. मास्तरांना हिशेब कसा मागायचा, असं आपल्याला वाटतं. इथे तो मागणं उद्धटपणा समजला जात नाही. आयईपी ठरवणाऱ्या टीमचे पालक हे सदस्यच असतात.

नावांचा घोळ होऊ देऊ नका. हीच टीम टेक्ससमध्ये ‘एआरडी कमिटी’ असते, न्यूयॉर्कमध्ये ‘सीएसई’, आणि न्यू जर्सीत ‘चाइल्ड स्टडी टीम’चं नाव सतत कानावर पडतं. पाया एकच, पण प्रत्येक राज्याचे स्वतःचे नियम वर चढवलेले असतात.

आधी सेवांचा तक्ता वाचा, भिंग लावून

आयईपी तीस-चाळीस पानांचा असू शकतो. त्यातलं सगळ्यात मोलाचं पान म्हणजे सेवांचा तक्ता, ज्याला शाळेत सर्व्हिस ग्रिड किंवा नुसतं सर्व्हिस पेज म्हणतात. कायद्याप्रमाणे तिथे चार गोष्टी हव्यातच: सेवा कधी सुरू होणार, किती वेळा, कुठे, आणि किती काळ. एक ओळ बघू:

‘स्पीच-लँग्वेज थेरपी, ३० मिनिटं, आठवड्यातून २ वेळा, गटात, स्पीच रूममध्ये, ९ सप्टेंबर ते ८ सप्टेंबर.’

ही चांगली ओळ आहे. आठवड्याला ६० मिनिटं, वर्गाबाहेर नेऊन. गट किती जणांचा हे लिहिलेलं नाही, ते विचारून घ्या. तिघांच्या गटातली ३० मिनिटं आणि सहा जणांच्या गटातली ३० मिनिटं एक नव्हेत. आता हीच ओळ दुसऱ्या रूपात:

‘स्पीच-लँग्वेज थेरपी, महिन्याला २४० मिनिटांपर्यंत, स्पीच रूम अथवा वर्गात.’

आकडा जवळपास तोच दिसतो, पण ओळ पोकळ आहे. ‘पर्यंत’ म्हटलं की शून्य मिनिटंसुद्धा त्यात बसतात. ‘अथवा वर्गात’ म्हटलं की थेरपिस्ट वर्गाच्या दारात उभी राहून शिक्षिकेशी बोलली तरी सत्र झालं असं मांडता येतं. महिन्याचा आकडा सरसकट वाईट नसतो, त्यात चुकलेलं सत्र त्याच महिन्यात भरून काढायला जागा राहते. पण पहिले तीन आठवडे काहीच न होता शेवटच्या आठवड्यात सगळं कोंबलं जाण्याचीही सोय त्यातच असते. लहान मुलाला थेरपी थोडी-थोडी आणि नियमित लागत असेल तर आठवड्याचाच आकडा मागा.

आणखी काही शब्दांपाशी थांबा. ‘गरजेनुसार’: गरज कोण ठरवणार? ‘उपलब्धतेनुसार’: सेवा मुलाच्या गरजेवर ठरते, कर्मचाऱ्यांच्या उपलब्धतेवर नाही, त्यामुळे हा शब्द आयईपीत नकोच. ‘कन्सल्ट’: याचा अर्थ तज्ज्ञ शिक्षिकेशी बोलेल, मुलासोबत बसेलच असं नाही. ‘शेअर्ड एड’: एक पॅरा किती मुलांत, आणि कोणत्या तासांना? जेवणाची सुट्टी, मैदान आणि बस यांचं काय?

आपला आयईपी असा ढिला असेल तर सेवा मिळत नसल्याची तक्रार करण्याआधी ती भाषा बदलून घ्यावी लागते. बदल दोन्ही बाजूंना मान्य असेल तर पूर्ण मीटिंग न घेता लेखी दुरुस्तीनेही होतो. ईमेलमध्ये एवढंच लिहा की अमुक पानावरच्या अमुक ओळीतला ‘पर्यंत’ काढून ‘आठवड्यातून २ वेळा, प्रत्येकी ३० मिनिटं’ असं करावं.

आणि हातातली प्रत शेवटची आहे ना, ते बघा. मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवतात तो मसुदा असतो. अंतिम आयईपीची प्रत विनामूल्य मिळायला हवी. मसुद्यातला आणि अंतिम प्रतीतला सेवांचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहा. एखादा शून्य किंवा एखादी अख्खी ओळ गळालेली सापडते.

पहिले दोन आठवडे

शाळा सुरू झाल्यावर, किंवा नवा आयईपी लागू झाल्यावर, केस मॅनेजरला, म्हणजे मुलाचा आयईपी सांभाळणाऱ्या शाळेतल्या व्यक्तीला, एक छोटं ईमेल पाठवा. त्यात तक्रारीचा सूर नको. विचारायचं ते असं: प्रत्येक सेवेचा वार आणि वेळ काय, देणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि परवाना किंवा पात्रता काय, पहिलं सत्र कोणत्या तारखेला झालं, आणि सत्राच्या वेळी मुलाचा कोणता तास बुडतो.

शेवटच्या प्रश्नाला पालक फार कमी महत्त्व देतात. गणितात मागे असलेल्या मुलाला दर मंगळवारी गणिताच्याच तासाला ओटीसाठी उचललं जात असेल, तर एक भोक बुजवताना दुसरं पडतं. मधल्या सुट्टीत नेत असतील तर मूल थेरपीलाच वैतागतं, आणि मग अहवालात ‘विद्यार्थी सहकार्य करत नाही’ असं लिहून येतं.

पात्रतेचा प्रश्न विचारायला लाजू नका. जागा रिकामी असताना एखादी बदली व्यक्ती महिनोन्महिने ‘स्पेशल एड’चा (विशेष शिक्षणाचा) वर्ग सांभाळते आणि कागदावर सेवा चालू दिसते. सेवा देणारी माणसं राज्याच्या निकषांप्रमाणे पात्र असली पाहिजेत, असं आयडियातच आहे.

मिडल स्कूल आणि हायस्कूलमध्ये खरी गळती सवलतींची होते. एकाऐवजी सहा-सात शिक्षक, आणि त्यातल्या दोघांनी आयईपी उघडलेलाच नसतो. परीक्षेला दीडपट वेळ, प्रश्न वाचून दाखवणं, नोट्सची प्रत, पुढच्या बाकावर जागा, असं जे काही ठरलंय त्याची एका पानाची यादी करून प्रत्येक शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात पाठवा. खाली एक ओळ जोडा: ‘हे आपल्यापर्यंत पोहोचलं असल्यास कळवावं.’ ज्यांचं उत्तर येत नाही ती नावं केस मॅनेजरला कळवा. पुढे पेपर घरी आला की मुलाला विचारा, वेळ किती दिला होता? आणि उत्तर त्या पेपराच्या कोपऱ्यातच तारखेसह लिहून ठेवा.

वही

एक वही किंवा स्प्रेडशीट. रकाने पाच: तारीख, सेवा, ठरलेली मिनिटं, मिळालेली मिनिटं, आणि न झाल्यास कारण व ते कुणी सांगितलं. एवढंच. आपली मतं, राग, अंदाज यात लिहू नका. उद्या ही वही दुसऱ्या कुणासमोर ठेवायची आहे.

बोलणाऱ्या मुलाला रोज ‘आज स्पीच झालं का?’ विचारलं की आठव्या दिवशी ते काहीही उत्तर देतं. त्याऐवजी ठरलेल्या दिवशी बारीक प्रश्न विचारा: आज स्पीच रूममध्ये कोण-कोण होतं? कोणता खेळ घेतला? न बोलणाऱ्या मुलासाठी शाळेकडून रोजची चिठ्ठी मागा. दप्तरात येणारा अर्धा कागद, त्यावर सेवांची नावं आणि पुढे ‘झालं / नाही’ अशी खूण. शिक्षिकेचे वीस सेकंद जातात. मोठा फॉर्म बनवून दिलात तर तो तिसऱ्या आठवड्यात बंद पडेल. ही चिठ्ठी आयईपीतच घालून घेता आली तर उत्तम.

वर्गात जाऊन बघण्याचा सरसकट हक्क या कायद्याने पालकांना दिलेला नाही. तो राज्याच्या आणि डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, धोरणावर अवलंबून असतो. विचारायला हरकत नाही, पण सगळी मदार त्यावर ठेवू नका.

शाळेची नोंद मागवा

घरची वही अर्धीच बाजू सांगते. दुसरी अर्धी शाळेकडे असते. थेरपिस्ट प्रत्येक सत्राची नोंद बहुधा ठेवतातच, कारण बऱ्याच ठिकाणी शाळा पात्र मुलांच्या थेरपीचे पैसे मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेकडून घेतात आणि नोंदीशिवाय ते मिळत नाहीत. ‘आमच्याकडे असं काही नसतं’ हे उत्तर म्हणूनच लगेच खरं मानू नका.

साधारण सहा ते आठ आठवडे झाले की लेखी मागणी करा. नुसतं ‘माझ्या मुलाची फाइल पाठवा’ म्हटलं तर जुने अहवाल आणि लसीकरणाचा कागद येतो. नाव घेऊन मागा: प्रत्येक सेवेच्या सत्रनोंदी, मुलाची सत्रांतली हजेरी, थेरपिस्टचं मुलापुरतं वेळापत्रक, आणि प्रत्येक उद्दिष्टामागची मोजणीची मूळ आकडेवारी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. थेरपिस्टने केवळ स्वतःच्या आठवणीसाठी ठेवलेली आणि इतर कुणालाही न दाखवलेली टिपणं यातून वगळली जाऊ शकतात. सत्रनोंदी वगळता येत नाहीत.

शाळेने या नोंदी विनाकारण उशीर न करता, आणि आयईपीची मीटिंग असेल तर तिच्याआधी दाखवल्याच पाहिजेत. कमाल मुदत ४५ दिवस. काही राज्यांत ती बरीच कमी आहे; कॅलिफोर्नियात पाच कामकाजाचे दिवस. झेरॉक्सचा खर्च शाळा लावू शकते, कागद शोधण्याचा लावू शकत नाही. मुदत मनात ठेवून मीटिंगच्या तारखेआधी पुरेसे दिवस राखून अर्ज करा.

प्रगतिपुस्तकाबरोबर आयईपीचा प्रगती अहवालही येतो. त्यात ‘प्रगती होत आहे’ एवढंच असेल तर तो अहवाल नव्हे. उद्दिष्ट ‘पाचपैकी चार वेळा, ८० टक्के अचूक’ असं आहे आणि सुरुवात ३५ टक्क्यांवर होती, तर आज आकडा किती? सेवा बुडत असताना आकडा ३५वरच अडकलेला असेल तर तुमच्या हिशेबाला दुजोरा मिळाला.

हिशेब मांडायचा कसा

समजा बारा आठवडे झाले. ठरलेली सत्रं २४, म्हणजे ७२० मिनिटं. नोंदीप्रमाणे झालेली १४, म्हणजे ४२०. बुडालेली दहा, ३०० मिनिटं. आता सरसकट ३०० मिनिटं मागितली तर शाळा पहिल्याच वाक्यात तुमचा आकडा खोडून काढेल. दहांची फोड करा.

दोनदा मूल आजारी होतं. हजर मुलाला सेवा द्यायची तयारी शाळेने ठेवली होती, म्हणून ही सत्रं भरून द्यायला ती सहसा बांधील मानली जात नाही. दोनदा शाळाच बंद होती. आयईपीत शाळेच्या कामकाजाच्या आठवड्यांचं गणित असेल तर हीही सोडा. उरली सहा: थेरपिस्ट रजेवर, थेरपिस्ट मीटिंगला, शाळेची सहल, असेंब्ली. ही १८० मिनिटं शाळेच्या बाजूने बुडाली आहेत. सहलीच्या दिवशी मूल शाळेच्याच कार्यक्रमात होतं, तेव्हा त्या बुडालेल्या सत्राचा मुलाच्या शिक्षणावर काय परिणाम झाला, याचा विचार शाळेला करावा लागतो.

ही फोड का लागते, ते न्यायालयांच्या निकालांतून कळतं. एखाद-दुसरं सत्र बुडालं की कायदा मोडला, असं न्यायालयं मानत नाहीत. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, संघराज्य अपील न्यायालयाने २००७च्या व्हॅन ड्यूइन खटल्यात कसोटी सांगितली ती ठळक तफावतीची: आयईपीत लिहिलेलं आणि प्रत्यक्ष दिलेलं यांतला फरक किरकोळाहून मोठा हवा. त्याच निकालात हेही आहे की मुलाचं शैक्षणिक नुकसान झालंच हे पालकांनी वेगळं सिद्ध करायची गरज नाही, मात्र मुलाची प्रगती पुरावा म्हणून पाहिली जाऊ शकते. इतर सर्किटांची भाषा थोडी वेगळी आहे, पण रोख साधारण तोच. २४पैकी एक बुडालं तर कुरकुर, २४पैकी सहा बुडाली तर चौथा हिस्सा गेला. म्हणून आकड्याबरोबर टक्काही लिहा.

पहिलं पत्र

फोन करू नका असं नाही, पण फोन ठेवला की लगेच ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असं ईमेल टाका. लेखी नसलेलं बोलणं झालंच नाही, असं धरून चाला.

पत्र इंग्रजीतच लिहाल, पण त्याची मांडणी अशी असू द्या. पहिल्या परिच्छेदात मुलाचं नाव, इयत्ता, आयईपीची तारीख आणि सेवांच्या तक्त्यातली ती ओळ जशीच्या तशी. दुसऱ्यात हिशेब: ठरलेली, झालेली, शाळेच्या बाजूने बुडालेली, तारखांसह. तिसऱ्यात दोनच मागण्या: सेवा आयईपीप्रमाणे कोणत्या तारखेपासून सुरळीत होईल, आणि बुडालेली मिनिटं कधी व कशी भरून मिळतील. शेवटी उत्तराची तारीख, दहा कामकाजाचे दिवस पुरे. पत्र केस मॅनेजरला, प्रत मुख्याध्यापकांना आणि डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशनच्या संचालकांना. संचालकांना पहिल्याच पत्रात घेणं आक्रमक वाटेल, पण रिकाम्या जागा भरायचे अधिकार आणि पैसे त्यांच्याच टेबलावर असतात. शाळेतली शिक्षिका बिचारी तुमच्याइतकीच हतबल असू शकते.

उत्तरात बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट येते. ‘जाहिरात दिली आहे, माणूस मिळत नाही.’ माणसांची टंचाई खरी आहे, पण तिच्यामुळे मुलाचा हक्क स्थगित होत नाही. बाहेरच्या एजन्सीशी करार, शेजारच्या डिस्ट्रिक्टची थेरपिस्ट, किंवा खाजगी क्लिनिकचे पैसे, हे मार्ग डिस्ट्रिक्टकडे असतात. दुसरं, ‘वसंतात भरून काढू.’ मग वेळापत्रक द्या म्हणावं. तिसरं उत्तर सगळ्यात निसरडं: ‘तो आता बराच सुधारलाय, आठवड्याला ३० मिनिटं पुरतील असं टीमला वाटतं.’ म्हणजे माणसं कमी, म्हणून मिनिटं कमी. इथे गप्प राहणं महाग पडतं.

‘नाही’ लेखी घ्या

शाळा सेवा कमी करायचं सुचवते किंवा तुमची मागणी नाकारते तेव्हा तिने ‘प्रायर रिटन नोटिस’ द्यायची असते. त्यात काय नाकारलं किंवा सुचवलं, का, कोणत्या तपासण्यांच्या आणि नोंदींच्या आधारे, आणखी कोणते पर्याय पाहिले व ते का सोडले, हे सगळं लिहावं लागतं. मीटिंगमध्ये ‘आमचं धोरणच नाही तसं’ असं ठामपणे म्हणणाऱ्यांना तेच कारण कागदावर उतरवायचं म्हटलं की जड जातं, आणि पुष्कळ ‘नाही’ इथेच मवाळ होतात. मीटिंग संपता संपता शांतपणे म्हणा: ‘या नकाराची प्रायर रिटन नोटिस मला मिळेल ना?’ मग घरी आल्यावर तीच मागणी ईमेलने करा.

ही नोटिस शक्य असेल तिथे पालकांच्या मातृभाषेत द्यावी लागते, आणि मीटिंगला दुभाष्याचीही सोय शाळेने करायची असते. रोजचं इंग्रजी येत असलं तरी मराठी दुभाष्या मागायला कमीपणा मानू नका, विशेषतः घरी मुलाला सांभाळणारे आजी-आजोबा मीटिंगला येणार असतील तर. आधी कळवा, मराठी दुभाष्या ऐनवेळी सापडत नाही.

मीटिंगचं ध्वनिमुद्रण राज्याराज्यांच्या नियमांवर आहे. कॅलिफोर्नियात २४ तास आधी कळवून ते करता येतं. सही करताना ती हजेरीची आहे की संमतीची, हे त्या चौकटीवरची ओळ वाचून ठरवा. काही मुद्दे पटले आणि काही नाही, तर कोणते पटले नाहीत ते त्याच दिवशी लेखी कळवा.

भरपाई

बुडालेल्या सेवांच्या बदल्यात मिळते ती ‘कम्पेन्सेटरी सर्व्हिस’. ती मिनिटाला मिनिट मिळेलच असं नाही. २००५मध्ये डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया सर्किटच्या अपील न्यायालयाने रीड खटल्यात म्हटलं की भरपाई तासांच्या साच्यातून न काढता, सेवा मिळाल्या असत्या तर मूल जिथे असतं तिथे त्याला आणण्यासाठी काय लागेल यावर ठरवावी. ही तलवार दुधारी आहे. काही मुलांना बुडालेल्याहून कमी पुरेल, काहींना जास्त लागेल. मोडलेली सवय परत बसवायला १८० मिनिटं पुरणार नाहीत, असं थेरपिस्टने लेखी दिलं तर ते जोडा.

मागणी नेमकी हवी: एकूण किती तास, एकट्याने की गटात, कोण देणार, कोणत्या वेळी, कोणत्या तारखेपर्यंत. शाळेनंतर किंवा उन्हाळ्यात असेल तर नेण्या-आणण्याचं काय, तेही. दोन चलाख्या ओळखून ठेवा. एक, नेहमीचं सत्रच भरपाईचं म्हणून दाखवणं; आठवड्याची दोन नेहमीची आणि त्यावर एक भरपाईचं, अशी तीन सत्रं नोंदीत दिसली पाहिजेत. दुसरी, उन्हाळ्यातल्या ‘ईएसवाय’लाच, म्हणजे सुट्टीतही चालू ठेवलेल्या सेवांनाच, भरपाई म्हणणं. ईएसवाय मुलाला गरजेनुसार वेगळी मिळते. ती जुनं देणं फेडायला वापरता येत नाही.

सहा तास देऊन ‘आजवरच्या सर्व तक्रारींवर पाणी सोडत आहे’ अशा कागदावर सही मागितली, तर तो कागद घरी आणा.

पत्रांनी भागलं नाही तर

सेवा लिहिली आहे पण दिली जात नाही, अशा प्रकरणासाठी सगळ्यात योग्य हत्यार राज्याच्या शिक्षण विभागाकडची तक्रार, म्हणजे ‘स्टेट कम्प्लेंट’. तिला फी नाही, वकील लागत नाही. घटना तक्रार पोहोचण्याच्या तारखेआधीच्या एका वर्षातली हवी. तक्रारीत डिस्ट्रिक्टने आयडियाचा कोणता नियम मोडला, त्यामागची तथ्यं, मुलाचं नाव, पत्ता आणि शाळा, तुमची सही आणि संपर्क, आणि तुमच्या मते उपाय काय, हे हवं. प्रत त्याच वेळी डिस्ट्रिक्टलाही पाठवावी लागते. प्रत न पाठवल्याने चांगल्या तक्रारी अडकून पडतात. राज्याने साधारण ६० दिवसांत लेखी निर्णय द्यायचा असतो, अपवादात्मक परिस्थितीत मुदत वाढते. भरपाईच्या सेवा किंवा खर्चाची परतफेड देववण्याचा अधिकार राज्याला आहे.

तक्रार चार पानांच्या वर नेऊ नका. वहीचा एक पानी तक्ता, शाळेची सत्रनोंद, सेवांच्या तक्त्याचं पान, आणि तुमचं पत्र व आलेलं उत्तर, बास. दहा गाऱ्हाणी एकत्र बांधलीत की सगळ्यात मजबूत गाऱ्हाणं दडपलं जातं.

‘ड्यू प्रोसेस’ची सुनावणी म्हणजे जवळपास खटलाच. आयईपीत काय असावं यावरच मतभेद असेल तर तो रस्ता. मुदत साधारण दोन वर्षांची, राज्याचा नियम वेगळा नसेल तर. सिद्ध करण्याचं ओझं सुनावणी मागणाऱ्यावर असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या शेफर खटल्यात ठरवलं. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कने मात्र स्वतःच्या कायद्याने ते ओझं प्रामुख्याने डिस्ट्रिक्टवर ठेवलं आहे, आणि आपली मोठी वस्ती तिथे असल्याने हे ठाऊक हवं. या रस्त्यावर वकील बघाच. जिंकलात तर वकिलाची फी न्यायालय देववू शकतं, तज्ज्ञ साक्षीदाराची नाही. मध्ये मध्यस्थीचा पर्याय असतो, विनामूल्य आणि दोघांच्या खुशीचा, आणि तिथे झालेला लेखी करार बंधनकारक असतो. वाद चालू असताना, वेगळं काही ठरलं नाही तर, मूल आहे त्याच व्यवस्थेत राहतं.

प्रत्येक राज्यात पालकांना शिकवणारं आणि माहिती देणारं किमान एक केंद्र संघराज्याच्या पैशांवर चालतं. ‘पॅरेंट सेंटर’ आणि राज्याचं नाव टाकून शोधलं की सापडतं. तक्रार पाठवण्याआधी त्यांना एकदा वाचायला द्या. ते फुकट आहे आणि त्या राज्याच्या अधिकाऱ्यांना काय कळतं नि काय कळत नाही, ते त्यांना माहीत असतं.

घर बदललं तर

नोकरीमुळे मध्येच घर बदलणं आपल्यात नेहमीचं. त्याच राज्यात गेलात तर नव्या डिस्ट्रिक्टने जुना आयईपी स्वीकारेपर्यंत किंवा नवा करेपर्यंत तशाच सेवा द्यायच्या. दुसऱ्या राज्यात गेलात तर गरज असल्यास नवी तपासणी आणि नवा आयईपी होईपर्यंत तशाच सेवा द्यायच्या. ‘आधी तपासणी होऊ दे, मग थेरपी’ हे उत्तर चुकीचं आहे. सही झालेला आयईपी, शेवटचा प्रगती अहवाल आणि सत्रनोंदी स्वतःच्या हाताने घेऊन जा. शाळांमधली फाइल आठवडेच्या आठवडे रस्त्यात असते. जुन्या डिस्ट्रिक्टकडून भरपाई येणं असेल तर ती निघण्याआधीच लेखी ठरवून घ्या, नव्या गावातल्या थेरपिस्टला तिचे पैसे कोण देणार यासकट. आणि भरपाई सुरू झाली की वहीत तिच्यासाठी वेगळा रकाना काढा, नेहमीच्या सत्रांच्या शेजारी.